संवादांचे घर

रविवारची रात्र. घरातली सगळी मंडळी नव्या होम थिएटरसमोर बसलेली. पडद्यावर नायिकेचा बाप मरणशय्येवर काहीतरी फार महत्त्वाचे सांगतो आहे आणि खोलीत मात्र एकच प्रश्न घुमतो आहे, ‘काय म्हणाला तो?’ सून रिमोट उचलते आणि आवाज वाढवते. तेवढ्यात प्रसंग बदलतो, मोटारी एकमेकींवर आदळतात, आतल्या खोलीत निजलेले बाळ दचकून उठते. पुन्हा रिमोट. तासाभराने आजोबा ‘मला झोप येतेय’ असे सांगून उठून जातात. खरे तर त्यांना झोप आलेली नसते. त्यांना संवाद कळलेले नसतात, आणि दर वेळी विचारायचा संकोच वाटू लागलेला असतो.

एवढा खर्च करून आणलेल्या यंत्रावर घरातलेच एक माणूस पाठ फिरवते, तेव्हा दोष बहुधा कानांना दिला जातो. नाहीतर हल्लीच्या नटांच्या पुटपुटण्याला. दोन्हींत थोडे तथ्य आहेही. पण अनेकदा दोषी असते ते कोणाच्या लक्षातही न येणारे एक लाकडी खोके. माणसाचा आवाज ज्यातून बाहेर पडतो त्या मधल्या स्पीकरचे, म्हणजे मिडरेंजचे.

खोक्याकडे वळण्याआधी फुकटचे दोन उपाय मात्र करून पाहावेत. ५.१ पद्धतीच्या ध्वनीत चित्रपटाचे बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरला दिलेले असतात. अॅम्प्लिफायरच्या मेनूत जाऊन त्या एकाच स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवता येते. शिवाय बहुतेक यंत्रांत रात्रीसाठी ‘नाइट मोड’ असतो. तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर आणतो. एवढ्याने काम भागले तर सुताराला बोलवायची गरज नाही. नाही भागले, तर पुढचे वाचण्यात अर्थ आहे.

स, श, त आणि थ

साधारण तीन भागांच्या स्पीकरमध्ये वूफर खालचे सूर सांभाळतो, ट्वीटर वरचे, आणि सुमारे ३०० ते ३००० हर्ट्झपर्यंतचा मधला मुलूख मिडरेंजच्या वाट्याला येतो. जुन्या टेलिफोनने ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात जगाचा कारभार चालवला. ना खर्ज ना झणकार, पण बोलणारा कोण आणि तो काय म्हणतो, हे दोन्ही कळत असे. बोलण्याचा अर्थ या पट्ट्यात राहतो, तो असा.

पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झ आणि स्त्रीचा १६५ ते २५५ हर्ट्झच्या आसपास असतो. स्वर त्याच्यावर उभे राहतात. व्यंजने मात्र, विशेषतः स, श, त, थ, फ यांसारखी, दोन-चार हजार हर्ट्झच्या भागात आणि त्याहून वर असतात. वय वाढते तसे कानाचे वरचे सूर आधी जातात. म्हणून आजोबांना आवाज ऐकू येतो, पण ‘सात’ म्हटले की ‘हात’ हे उमगत नाही. अशा कानाला स्पीकरने थोडाही धूसर, पेटीत कोंडल्यासारखा आवाज दिला, की उरलेसुरले धागे तुटतात. तरुण कान त्या धूसरपणातूनही अर्थ ओढून काढतात, त्यामुळे घरातल्या मुलाला ‘मस्त वाजतोय की!’ असे वाटते. दोघेही खरे बोलत असतात.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ झळकला आणि आपल्याकडे चित्र बोलू लागले. बोलपटांच्या युगात चित्रपटगृहांनी एक शहाणपण अंगीकारले, संवादांचा भोंगा पडद्याच्या मागे ठेवायचा आणि पडद्याला बारीक भोके पाडायची, म्हणजे शब्द नटाच्या तोंडातूनच आल्यासारखे वाटतात. घरात टीव्हीला भोके पाडता येत नाहीत. म्हणून सेंटर स्पीकर टीव्हीच्या खाली किंवा वर जातो, आणि तिथे जागा कमी म्हणून त्याचे खोके दामटून बसवलेले असते. घोळ सुरू होतो तो इथून.

खोके हवेच कशाला?

आजच्या स्पीकरची मूळ रचना अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५च्या सुमारास मांडली. चुंबकात हलणारी तारेची गुंडाळी आणि तिला चिकटलेला कागदी पडदा. हा पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे एकच स्पीकर दोन आवाज काढतो, पुढचा सुलटा आणि मागचा उलटा. मोकळ्या स्पीकरला वायर जोडून वाजवले की आवाज चिरका येतो, कारण मागचा उलटा आवाज कडेवरून वळून पुढे येतो आणि सुलट्याला खाऊन टाकतो. खोक्याचे पहिले काम म्हणजे या मागच्या आवाजाचा बंदोबस्त.

वूफरच्या खोक्याबद्दल ढीगभर माहिती मिळते, कारण धडधडीची हौस सर्वांना. मिडरेंजचे गणित वेगळे आहे. ३०० हर्ट्झच्या लहरीची लांबी सव्वा मीटरच्या थोडी आत भरते, ३००० हर्ट्झची जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर. म्हणजे लहरी खोक्याएवढ्या किंवा त्याहून लहान. वूफरच्या दृष्टीने खोके म्हणजे हवेची उशी. मिडरेंजच्या दृष्टीने ती एक छोटी खोली असते, भिंती असलेली आणि प्रतिध्वनी देणारी. वूफरचे नियम तसेच्या तसे इथे लावले की फसगत होते.

निवड चौघांतून

पहिला प्रकार उघड्या फळीचा. मागे खोकेच नाही, एक रुंद फळी आणि तिच्यात स्पीकर. पेटीच नसल्याने पेटीचा आवाजही नाही. सीगफ्रीड लिंक्विट्झ या अभियंत्याने या पद्धतीचा पुरस्कार केला आणि तिचे चाहते जगभर आहेत. पुढे आणि मागे आवाज जातो, बाजूंना फारसा जात नाही, त्यामुळे बाजूच्या भिंतींचे प्रतिध्वनीही कमी होतात. बोलणे विलक्षण मोकळे ऐकू येते. मग अडचण काय? मागच्या आवाजाला श्वास घ्यायला जागा लागते, भिंतीपासून निदान ऐंशी-नव्वद सेंटिमीटर, शक्य तर मीटरभर. शिवाय तीस सेंटिमीटर रुंदीची फळी साधारण २०० हर्ट्झच्या खाली दुबळी पडू लागते. ज्यांचा दिवाणखानाच दहा बाय बारा, त्यांनी तो मीटर आणायचा कुठून? सोफा बाल्कनीत ठेवून? बंगल्यातला स्वतंत्र हॉल असेल तर हा प्रकार जरूर ऐकावा. टीव्हीच्या कपाटात मात्र त्याला थारा नाही.

दुसरा प्रकार भोकाचा, ज्याला दुकानदार ‘पोर्टेड’ किंवा ‘बास रिफ्लेक्स’ म्हणतात. बेल प्रयोगशाळेच्या अल्बर्ट थुरस यांना या कल्पनेचे पेटंट १९३२ साली मिळाले. खोक्याला एक नळी बसवतात, आणि मागच्या आवाजाचा खालचा भाग उलटून पुढच्याला मदतीला येतो. वूफरसाठी युक्ती उत्तम. पण ज्या मिडरेंजला क्रॉसओव्हर ३०० हर्ट्झच्या खाली काही जाऊच देत नाही, त्याला ही मदत कशाला? उलट नळीतून पेटीतला मधला गोंधळ बाहेर गळतो, आणि नळी स्वतःही बासरीसारखी एका सुरात गुणगुणते. दहा-बारा सेंटिमीटरच्या नळीचा तो सूर हजार-पंधराशे हर्ट्झच्या भागात, म्हणजे नेमका शब्दांच्या मध्यभागी येतो. स्वतंत्र मिडरेंजच्या खोक्याला भोक पाडलेले दिसले तर ते कशासाठी, हे विक्रेत्याला विचारावे. समाधानकारक उत्तर सहसा मिळत नाही.

चौथ्याकडे आधी जाऊ आणि तिसरा, घरात बहुधा कामी येणारा, सावकाश पाहू. चौथा प्रकार निमुळत्या नळीचा. स्पीकरच्या मागे अरुंद होत जाणारी लांब नळी, आत लोकर किंवा फायबर भरलेले. मागचा आवाज तिच्यात शिरतो आणि शेवटापर्यंत पोहोचताना विरून जातो, परत फिरत नाही. लॉरेन्स डिकी यांनी बोवर्स अँड विल्किन्स या इंग्लिश कंपनीसाठी केलेला ‘नॉटिलस’ हा १९९३चा स्पीकर याच कल्पनेवर उभा आहे. गोगलगाईच्या शंखासारखा दिसणारा तो स्पीकर चित्रात तरी पाहावाच. मिडरेंजपुरती नळी फार लांब लागत नाही, कारण लहरीच आखूड. हौशी माणसे प्लास्टिकच्या पाइपातही प्रयोग करतात. परंतु सेंटर स्पीकरच्या मागे नळी सोडायला कपाटाची खोली पुरत नाही, आणि निमुळते लाकूडकाम सगळ्याच सुतारांच्या हातचे नाही.

भोंग्याचा, म्हणजे हॉर्नचाही एक प्रकार आहे. चित्रपटगृहात आणि सभेत तो हवाच. दहा फुटांवरून ऐकणाऱ्या कुटुंबाला त्याची जरूर नसते.

बंद पेटी

राहिली ती साधी, चारी बाजूंनी बंद पेटी. १९५४ साली एडगर विल्चर यांनी हेन्री क्लॉस यांच्यासह अमेरिकेत बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान स्पीकरमधून खोल आवाज काढून दाखवला, तेव्हापासून बंद पेटीला प्रतिष्ठा आली. मिडरेंजसाठी तिचे गुण आणखी मोठे आहेत. मागचा आवाज आत अडकतो. भिंतीला चिकटवा, कपाटात ठेवा, तिचे फारसे बिघडत नाही. आणि बनवायला सोपी. घरच्या चित्रपटासाठी, विशेषतः फ्लॅटमध्ये, दहातल्या नऊ घरांनी डोळे झाकून हीच निवडावी. दहाव्या घरात ती मोकळी भिंत असेल तर उघडी फळी.

मात्र ‘बंद’ म्हणजे खरोखर बंद, आणि स्वतंत्र. सर्वांत जास्त दिसणारी चूक इथेच होते. तीन भागांच्या मोठ्या खोक्यात वूफर आणि मिडरेंज एकाच पोकळीत बसवलेले असतात. स्फोटाच्या दृश्यात वूफर मागे सरकतो, पेटीतली हवा दाबली जाते आणि ती मिडरेंजच्या पडद्याला आतून ढकलते. त्याच वेळी तो बिचारा नायकाचे वाक्य बोलत असतो. शब्द थरथरतात, फाटतात. उपाय सोपा आहे. मोठ्या पेटीच्या आत मिडरेंजच्या मागे स्वतःची छोटी कोठडी करायची, वायर जाते ते भोकसुद्धा सिलिकॉनने बुजवायचे. काही मिडरेंजना कारखान्यातूनच मागे पत्र्याची वाटी बसवलेली असते. त्यांना कोठडी लागत नाही. पण ती वाटी फार लहान असेल तर आवाज चिमटल्यासारखा येतो, हेही लक्षात ठेवावे.

कोठडी केवढी असावी? याचे उत्तर अंदाजपंचे देण्याची गरज आता उरलेली नाही. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थीली यांनी १९६१ साली आणि पुढे १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी हे गणित बसवून दिले. चांगल्या स्पीकरसोबतच्या कागदावर तीन आकडे असतात. ‘एफएस’ म्हणजे पडद्याचा स्वतःचा सूर, ‘व्हीएएस’ म्हणजे त्याच्या लवचीकपणाइतकी हवा किती लिटर, आणि ‘क्यूटीएस’ म्हणजे तो किती लवकर शांत होतो याचे माप. समजा, एका मिडरेंजचे हे आकडे अनुक्रमे ६० हर्ट्झ, १० लिटर आणि ०.३५ आहेत. १० लिटरला पेटीच्या लिटरने भागायचे, त्यात १ मिळवायचा आणि वर्गमूळ काढायचे. येईल त्या संख्येने पहिल्या आणि तिसऱ्या आकड्याला गुणायचे. झाले.

पेटी ५ लिटरची घेतली तर १० भागिले ५ म्हणजे २, अधिक १ म्हणजे ३, त्याचे वर्गमूळ १.७३. म्हणजे पेटीतला सूर १०४ हर्ट्झ आणि शांत होण्याचे माप ०.६१. हे माप ०.५ ते ०.७च्या दरम्यान असले की आवाज स्वच्छ. अडीच लिटरला सूर १३४ आणि माप ०.७८, चालवून घेण्यासारखे. एक लिटरला सूर १९९ वर जातो आणि माप १.१६. तिथे आवाजाला कुबड येते, प्रत्येक पुरुष पिंपातून बोलल्यासारखा वाटतो. पेटीतला सूर क्रॉसओव्हरच्या निम्म्याहून खाली असावा. क्रॉसओव्हर ३५० हर्ट्झवर असेल तर १७५ ही लक्ष्मणरेषा, आणि एक लिटरची पेटी ती ओलांडते. आता उलटे पाहा. १५ लिटरची पेटी केली तर सूर ७७ आणि माप ०.४५. वूफरला याचा उपयोग झाला असता, मिडरेंजला काडीचाही नाही. दहा लिटर जागा आणि लाकूड फुकट गेले. मोठे ते चांगले हा समज इथे लागू पडत नाही.

पेटीच्या आत काय चालते

आकारमान ठरले म्हणजे काम संपले असे बरेच जण समजतात. मिडरेंजच्या बाबतीत आकारमानापेक्षा आतले वातावरण जास्त महत्त्वाचे असते. स्पीकरचा कागदी पडदा पातळ. मागे सुटलेला आवाज समोरच्या फळीवर आपटून परत येतो आणि त्याच पातळ पडद्यातून, क्षणभर उशिरा, बाहेर पडतो. मूळ शब्दाच्या पाठोपाठ त्याचेच भूत! कानाला ते वेगळे ऐकू येत नाही, फक्त शब्द मळकट वाटतो.

पाच लिटरची पेटी आतून १६ सेंटिमीटर रुंद, २६ उंच आणि १२ खोल केली, तर समोरासमोरच्या फळ्यांमध्ये ६६० पासून साधारण १४५० हर्ट्झपर्यंत तीन ठिकाणी आवाज घुमतो. तिन्ही मापे वेगळी असल्याने ते घुमणे विखुरले तरी जाते. चौरस ठोकळा केला तर तिन्ही घुमणी एकाच सुरावर एकवटतात, म्हणून चौरस पेटी कधीच करू नये. एखादी फळी तिरकी बसवता आली तर उत्तमच.

आणि पेटी भरावी. वूफरच्या पेटीत अस्तर पुरते, मिडरेंजची पेटी उशीसारखी भरायची. उशीत घालतात ते पॉलिएस्टरचे फायबर चांगले, पिंजून, मोकळे करून घालावे. दाबून कोंबू नये. ग्लास वूल जास्त आवाज शोषते, पण त्याचे कण हाताला खाजतात आणि स्पीकरच्या गुंडाळीत गेले तर घात करतात, म्हणून ते पातळ कापडात शिवून घालावे. घरात जुन्या गादीचा कापूस असतो, तो वापरण्याचा मोह होतो. कापूस दमट हवेत ओल धरतो, काही महिन्यांत गोळा होऊन तळाशी बसतो. कोकणात, गोव्यात, मुंबईत तर नकोच.

लाकडाबद्दल. १८ मिलिमीटरचा एमडीएफ सगळीकडे मिळतो, सरळ कापला जातो आणि एकसारखा असतो. त्याच्या कापलेल्या कडा पाणी पितात आणि फुगतात, त्यामुळे पावसाळी गावात कडांना सीलर मारल्याखेरीज सोडू नये. चांगला प्लायवूडही चालतो. स्वस्तातला भुशाचा बोर्ड ओलीने सुटतो, स्क्रू धरत नाही आणि वाळवीलाही आवडतो.

जाड फळी म्हणजे मुकी फळी, हेही पूर्ण खरे नाही. लहान, ताठ फळीचा स्वतःचा सूर वर सरकतो आणि नेमका बोलण्याच्या पट्ट्यात येऊन बसतो. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकात ‘एलएस ३/५ए’ हा छोटा स्पीकर बाहेरच्या ध्वनिक्षेपणासाठी केला, तेव्हा त्यांनी मुद्दाम पातळ बर्च प्लायवूड घेतले आणि आतून डांबरी चकत्या चिकटवल्या, म्हणजे फळीचे गुणगुणणे दबते. बोलण्याच्या स्पष्टपणासाठी तो स्पीकर आजही नावाजला जातो. आपल्याकडे मोटारीच्या दाराला आतून लावतात ती डांबरी शीट गाड्यांच्या अॅक्सेसरीच्या दुकानात मिळते. तिचे तुकडे पेटीच्या प्रत्येक फळीच्या मधोमध चिकटवावेत. खर्च किरकोळ, फरक हात लावून कळण्याइतका.

आणखी एक गोष्ट सुताराला आवर्जून सांगायची, कारण तो स्वतःहून करणार नाही. १८ मिलिमीटरच्या फळीला चार इंची भोक पाडले की स्पीकरच्या पाठीमागे एक छोटी विहीरच तयार होते आणि मागचा आवाज तिच्यात कोंडतो. भोकाची आतली कड रंध्याने किंवा राउटरने ४५ अंशात उतरती करून घ्यावी, स्क्रूंपुरती जाड जागा ठेवून. दहा मिनिटांचे काम आहे. न केल्यास भारी स्पीकरही कोंदट वाजतो आणि दोष कंपनीला जातो.

काही हौशी मंडळी मातीच्या मडक्यात स्पीकर बसवतात. त्यांना हसू नये. अमेरिकेतल्या हॅरी ओल्सन यांनी वेगवेगळ्या आकारांच्या खोक्यांची तुलना करून दाखवले होते की बाहेरून गोल आकार सर्वांत गुळगुळीत आवाज देतो, कारण त्याला कडाच नसतात. कडांवरून आवाज फुटतो, म्हणून लाकडी पेटीच्याही पुढच्या कडा गोलावून घ्याव्यात. मडक्याची खोड वेगळीच आहे. आतून तो सगळीकडे सारखाच लांब, त्यामुळे आतला घुमारा एकाच सुरावर जमतो. भरपूर फायबर भरले तर मडके छान बोलते. रिकामे ठेवले तर घटासारखे वाजते.

आडवा की उभा

सेंटर स्पीकर म्हणून बाजारात मिळतो तो बहुधा आडवा ठोकळा, मध्ये ट्वीटर आणि दोन बाजूंना दोन एकसारखे स्पीकर. दिसायला समतोल. समोर मधोमध बसणाऱ्याला तो उत्तम ऐकू येतो. सोफ्याच्या टोकाला, साधारण तीस अंश कडेला बसलेल्या माणसाला मात्र एक स्पीकर जवळचा आणि दुसरा लांबचा पडतो. दोघांत तीस सेंटिमीटर अंतर असेल तर तिथे पंधरा सेंटिमीटरचा फरक पडतो आणि ११५० हर्ट्झच्या आसपास दोन्ही आवाज एकमेकांना मारतात. शब्दांच्या मधोमध खड्डा. घरोघरी मधली जागा कोणाची आणि कडेची खुर्ची कोणाची, हे सांगायला नको. आजोबांची आरामखुर्ची कडेलाच असते.

म्हणून आडव्या सेंटरमध्ये दोन वूफर बाजूला आणि मध्ये एकच मिडरेंज, त्याच्या डोक्यावर ट्वीटर, अशी उभी जोडी असलेला प्रकार घ्यावा किंवा करून घ्यावा. आणि त्या एकट्या मिडरेंजला मधल्या भागात वर सांगितलेली स्वतंत्र बंद कोठडी असावी. जागा असेल तर डाव्या-उजव्यासारखाच एक उभा स्पीकर टीव्हीखाली ठेवणे हा तर सर्वांत सरळ मार्ग.

तयार सेट घेणाऱ्यांनी एक सापळा ओळखावा. तळहातावर मावतील असे पाच इवलेसे स्पीकर आणि कोपऱ्यात ठेवायचा एक मोठा ‘वूफर’. इवल्या डब्यातली हवा लिटरभराचीही नसते, म्हणून कंपनी दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खालचे सगळे कोपऱ्यातल्या खोक्याकडे पाठवते. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर त्यातच येतो! नायक पडद्यावर बोलतो आणि त्याचा खर्ज सोफ्यामागून येतो. चित्रपटगृहांच्या ध्वनीसाठी टॉमलिन्सन होलमन यांनी ल्युकासफिल्ममध्ये ‘टीएचएक्स’ ही मानके आखली. ती १९८३ साली ‘रिटर्न ऑफ द जेडाय’बरोबर आली आणि पुढे घरासाठीही केली गेली. त्या घरगुती पद्धतीत ही सरहद्द ८० हर्ट्झवर आहे, आवाज खोलीत नेमका कुठून येतो हे त्याखाली कानाला सहसा कळत नाही म्हणून. बंद पेटीचे स्पीकर या पद्धतीत फार सुरेख मिसळतात, कारण बंद पेटीचा आवाज खाली सावकाश उतरतो.

आधीच घेतलेल्या स्पीकरला मागे भोक असेल आणि तो कपाटाच्या फळीवर ठेवायचाच असेल, तर भोकात फोमची गुंडाळी घालावी. नाहीतर धुतलेला पायमोजा. खालचे सूर सबवूफर सांभाळतोच, बोलणे मोकळे होते. स्पीकर कपाटात आत ढकलू नये, त्याचा चेहरा फळीच्या कडेशी बरोबर आणावा आणि पुढून थोडा वर, बसलेल्या माणसाच्या कानाकडे कलवावा. आजूबाजूच्या फटीत फोम भरला तर कपाट स्वतः गुणगुणत नाही. त्यावर विणलेला रुमाल आणि फुलदाणी ठेवण्याची पद्धत असली, तरी फुलदाणी तेवढी दुसरीकडे हलवावी. ती वाजते.

सुटे स्पीकर, फायबर, जाळ्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, दिल्लीच्या लाजपतराय मार्केटात, चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर किंवा बंगळुरूच्या एसपी रोडला मिळतात. जिथे कागदावर ते तीन आकडे मिळतील तिथूनच घ्यावे. ‘आकड्यांचं काय करायचंय, वाजवून बघा’ असे म्हणणाऱ्या दुकानात वाजवून बघावे आणि पुढच्या दुकानात जावे.

परीक्षा

पेटी घरी आली, भरली, बंद केली, की तिला गाणे लावून तपासू नये. गाण्यात दोष लपतात. बीबीसीचे लोक आपले स्पीकर तपासताना जिवंत माणसाचे बोलणे आणि स्पीकरमधून आलेले त्याचेच बोलणे शेजारी ठेवून ऐकत असत. ही परीक्षा कोणत्याही घरात होण्यासारखी आहे. फोन घेऊन आजोबांना गच्चीवर न्यावे. खोलीत बोलले की खोलीचाही आवाज मिसळतो, उघड्यावर नुसता माणसाचा येतो. फोन हातभर अंतरावर धरून त्यांना काहीही बोलू द्यावे, वर्तमानपत्रातली बातमी, लहानपणीची शाळा, पावसाला शिव्या. मग खाली येऊन फक्त सेंटर स्पीकरवर, ते बोलतात तेवढ्याच आवाजात ते लावावे आणि घरातल्या बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकावे. रोजचा ओळखीचा आवाज आहे, फसण्याची सोय नाही. नाकातून येतो आहे का? पिंपातून? ‘स’ला धार आहे की तो ‘ह’सारखा विरतो आहे? पिंपातून येत असेल तर फायबर थोडे वाढवावे, मेलेला वाटला तर मूठभर काढावे. मागची फळी स्क्रूने लावलेली असली की हे सहज करता येते, म्हणून पहिल्याच दिवशी ती फेविकॉलने चिकटवू नये.

शेवटी आजोबांनाच त्यांच्या नेहमीच्या कडेच्या खुर्चीत बसवून एखाद्या चित्रपटातला संथ, कुजबुजता प्रसंग लावावा आणि रिमोट त्यांच्या हातात द्यावा. त्यांनी आवाज वाढवला नाही, म्हणजे सुताराचे पैसे चुकते करायला हरकत नाही.